दोन जिवांची : हव्याशा गर्भारपणातील भीतीचा इतिहास



लढाया, तह आणि राज्यक्रांत्या यांचा इतिहास सांगणाऱ्याला कागदपत्रांची वाण पडत नाही. आज आम्ही ज्या गोष्टीचा इतिहास सांगणार आहोत, तिचे कागद मात्र कोणत्याही दफ्तरात रुमाली बांधून ठेवलेले नाहीत. ती गोष्ट घरोघर घडली, माजघरात कुजबुजली गेली आणि बहुधा तेथेच विरून गेली. तरीही तिच्या खुणा आपल्या भाषेत, काव्यात, वैद्यकात आणि रीतिरिवाजांत उरल्या आहेत. त्या गोळा करण्याची बुद्धी आम्हांस एका साध्या प्रसंगाने झाली. तो प्रसंग प्रथम सांगतो.

आमच्या नात्यातील एक सुशिक्षित मुलगी. लग्नाला चार वर्षे झालेली, नवराबायको दोघेही नोकरीत. घराचे हप्ते, नोकरीतील बढती, वडीलधाऱ्यांची प्रकृती या साऱ्यांचा विचार करून 'आता मूल हवे' असे दोघांनी मिळून ठरविले. काही महिने वाट पाहिली. एके दिवशी पहाटे तिने घरच्या घरी चाचणी केली आणि दिवस राहिल्याचे तिला कळले. तिला आनंद झाला, आणि त्याच घटकेस रडू कोसळले. मूल नीट वाढेल ना, आपल्याला झेपेल ना, नोकरीचे काय होईल, आपले पूर्वीचे आयुष्य कायमचे संपले काय, असे नाना विचार एकदम दाटून आले. भीतीपेक्षाही तिला अधिक जाळीत होती ती शरम. शेवटी घरातल्या वृद्ध आत्याबाईंपाशी ती बोलली. "आत्या, मला हवंच होतं ना? मग मला भीती का वाटते? माझं काही चुकतंय का?" आत्याबाई म्हणाल्या, "अगं, तू आता दोन जिवांची. एक जीव हसेल, एक रडेल. त्यात चुकायचं काय?"

या उत्तराने ती मुलगी शांत झाली. आम्ही मात्र विचारात पडलो. जिने मूल मागून घेतले, तिला भिण्याचा अधिकार नाही, ही समजूत आली कोठून? आणि आत्याबाईंच्या सहज उत्तरात जे शहाणपण होते, ते तरी किती जुने?

प्रथम भाषेकडेच पाहू. मराठीत गर्भवतीला 'दोन जिवांची' म्हणतात. बाळंतपण पार पडले की 'ती सुटली', 'मोकळी झाली', 'सुटका झाली' असे म्हणतात. अवघड झाले तर 'ती अडली' म्हणतात. अडणे आणि सुटणे हे शब्द संकटाचे आहेत, उत्सवाचे नव्हेत. बाळंतपण हा बाईचा पुनर्जन्म, ही म्हणही सर्वांच्या ओठी आहे. ज्या समाजाने वांझपणाला शाप मानले आणि मुलासाठी नवससायास केले, त्याच समाजाच्या बोलीत प्रसूतीविषयीचे शब्द असे भयाने भरलेले असावेत, यात विसंगती काही नाही. ज्याची आस मोठी त्याचीच धास्ती मोठी, हे त्या बोलीला ठाऊक होते.

'डोहाळे' हा शब्द याहून बोलका आहे. तो संस्कृत 'दोहद' या शब्दावरून आला. दोहदाचे मूळ काय, याविषयी पंडितांत मतभेद आहेत. कोणी ते 'दौर्हृद' म्हणजे हृदयाची अस्वस्थता यात पाहतात, कोणी 'द्विहृद' म्हणजे दोन हृदये यात. प्राचीन वैद्यांचा कल दुसऱ्या अर्थाकडे होता. गर्भाचे हृदय व्यक्त होऊन त्याची चेतना प्रकट झाली की स्त्री दोन हृदयांची होते, असे सुश्रुतसंहितेत शारीरस्थानात सांगितले आहे. सुश्रुत हा काळ चौथ्या महिन्याचा धरतो, चरकसंहिता तिसऱ्याचा. आजच्या सोनोग्राफीत गर्भाच्या हृदयाचे स्पंदन सहाव्या-सातव्या आठवड्यासच दिसते, तेव्हा जुन्यांचे गणित जुळत नाही. परंतु त्यांचा रोख ध्यानात घेण्याजोगा आहे. एका देहात दोन हृदये म्हणजे दोन इच्छा. तिला एकाच वेळी हे हवे आणि ते नको असे वाटणार, हे त्यांनी शास्त्राचाच भाग म्हणून लिहून ठेविले. पुढे त्यांनी असेही म्हटले की, या काळातील तिची इच्छा डावलली तर मूल व्यंग घेऊन जन्मेल. हे कार्यकारण आज कोणी मानणार नाही. परंतु त्याचा सामाजिक परिणाम पाहा! ज्या घरात सुनेच्या शब्दाला एरवी किंमत नव्हती, तेथे काही महिने तरी 'तुला काय हवे?' हे विचारणे वैद्यांनी घरच्यांवर बंधनकारक केले.

हाच प्रश्न आपल्या काव्यातही आढळतो. कालिदासाच्या 'रघुवंशा'तील दिलीप आणि सुदक्षिणा यांचे उदाहरण घ्या. आजच्या भाषेत ज्याला ठरवून केलेले अपत्य म्हणावे, ते याहून अधिक ठरविलेले कोणते असणार? मूल नाही म्हणून राज्याचा भार अमात्यांवर टाकून हे जोडपे वसिष्ठांच्या आश्रमी गेले. राजाने एकवीस दिवस नंदिनी गाईची सेवा केली. सिंहापुढे स्वतःचा देह ठेवला. तेव्हा कोठे वर मिळाला. इतक्या आटापिट्याने आलेले हे गर्भारपण कवी तिसऱ्या सर्गात वर्णितो, तेव्हा आरंभ करतो तो राणीच्या थकव्यापासून. ती कृश झाली आहे, तिला दागिने जड झाले आहेत, तिचा चेहरा फिका पडला आहे. ती माती खाते. काय हवे ते ती लाजेने बोलत नाही, म्हणून राजा पुन्हा पुन्हा तिच्या सख्यांना विचारतो. सम्राटाला जी गोष्ट राणीच्या तोंडून कळत नाही, ती तो मैत्रिणींकडून काढून घेतो! 'तुझ्याचसाठी तर एवढे केले, आता हसतमुख का नाहीस?' असे दिलीप एकदाही म्हणत नाही. आम्हांस हे त्याच्या सिंहापुढील धैर्याइतकेच मोलाचे वाटते.

भवभूतीने याच विषयाची दुसरी बाजू दाखविली. 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात सीता गर्भवती आहे. तिचा जो डोहाळा असेल तो पुरवावा, असा वडीलधाऱ्यांचा निरोप रामाला आलेला आहे. पूर्वायुष्याची चित्रे पाहताना ती मधेच घाबरते, मधेच हरखते. आणि अरण्यात हिंडावे, भागीरथीत स्नान करावे अशी इच्छा बोलून दाखविते. थोड्याच वेळाने लोकापवादाची वार्ता येते आणि त्याच डोहाळ्याचे निमित्त करून तिला वनात सोडले जाते. गर्भवतीने मन उघडे करावे आणि तेच तिच्यावर उलटावे, याहून क्रूर विश्वासघात नाही. आपल्या मुली आजही सासरी आपली भीती का बोलत नाहीत, या प्रश्नाचे एक उत्तर या अंकात सापडते.

काव्यातून इतिहासात येऊ. शिवरायांच्या जन्मापूर्वी जिजाबाईंना गडकिल्ल्यांचे आणि शस्त्रांचे डोहाळे लागले, अशी वर्णने नंतरच्या काळात लोकप्रिय झाली. त्यांत भक्ती आहे. तिच्याशी आमचा वाद नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाने तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहाव्यात. शिवजन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव जुलै १६२९ मध्ये दौलताबादेस निजामशाही दरबारात दगा होऊन मारले गेले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे मुलगेही. म्हणजे बाप आणि भाऊ एकाच दिवशी गेले, तेव्हा जिजाबाईंना दिवस राहून जेमतेम दोन महिने होत आले असावेत. पुढचे महिने धामधुमीचे. आसरा शिवनेरीसारख्या बळकट किल्ल्याचा. या बाईच्या मनात त्या काळी काय काय चालले असेल, याची नोंद कोणा कारकुनाने केली नाही. आम्ही तिला केवळ तलवारीचे डोहाळे दिले. तिला भीतीही वाटली असेल असे म्हणण्याने तिचे मोठेपण उणावत नाही. भीती असताना उभी राहिली, म्हणून तर ती मोठी.

आता आपल्या रीतिरिवाजांकडे वळू. गृह्यसूत्रांतील पुंसवन आणि सीमंतोन्नयन हे संस्कार सर्वांस ऐकून माहीत आहेत. महाराष्ट्रातील बायकांनी त्यांच्या जोडीला आपले स्वतःचे संस्कार निर्माण केले, आणि आमच्या मते त्यांत मानसशास्त्र अधिक आहे. पहिल्या तिमाहीत 'चोरचोळी' करतात. नावच पाहा, चोरून दिलेली चोळी! बातमी अजून गावभर झालेली नाही. घरातील जवळच्या बायका तेवढ्या तिला चोळी देतात, ओटी भरतात. दिवस राहिल्याचे कळल्यानंतरही दहांतील एकदोन गर्भ टिकत नाहीत आणि त्यांतील बहुतेक पहिल्या तीन महिन्यांतच जातात, हे आजचे वैद्यक सांगते. हे बायकांना आकड्यांविना ठाऊक होते. म्हणून आनंद करायचा, पण हळू आवाजात. आणि तिला एकटी मात्र सोडायची नाही. भीती आणि आनंद यांना एकाच ताटात वाढणारा असा दुसरा विधी आम्हांस माहीत नाही. पुढे सातव्या महिन्यात डोहाळजेवण, हिरवी साडी, हिरवा चुडा, झोपाळा, चांदणे, नाव, आणि गाण्यांतून तिला पुन्हा तोच प्रश्न : 'तुला काय हवे?' पहिल्या बाळंतपणाला माहेर. बाळंतपणानंतर पाचवी-सहावीला सटवाईची पूजा आणि जागरण. नाळ अस्वच्छ हत्याराने कापल्याने होणारा अर्भकाचा धनुर्वात बहुधा पहिल्या पंधरवड्यात, विशेषतः आठवड्याच्या सुमारास गाठतो. तेव्हा त्या रात्रींचे भय निराधार नव्हते. बाराव्या दिवशी बारसे. तोवर नावसुद्धा नाही.

या चालीरीतींचे आम्ही गोडवे गात आहोत असा कोणी ग्रह करून घेऊ नये. पुंसवनाचा हेतू मुलगा व्हावा हाच होता, आणि मुलीच्या भीतीने किती जणींची झोप उडाली असेल याची गणती नाही. पुढे यंत्राच्या साह्याने हीच हाव इतकी माजली की, महाराष्ट्रास १९८८ मध्ये आणि देशास १९९४ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करावा लागला. ओटी भरण्याच्या मंडळात विधवेला आणि निपुत्रिकेला जागा नव्हती. शेतावर राबणाऱ्या बाईला झोपाळ्यावर बसवून गाणी म्हणायला कोणास सवड नव्हती. आणि मुख्य म्हणजे, 'मला इतक्यात मूल नको' असे म्हणण्याची सोय कोणत्याच विधीत नव्हती.

त्याची किंमत किती होती, हे कल्याणच्या एका मुलीच्या चरित्रावरून कळते. आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न झाले, चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. बारशाचा दिवसही उजाडला नाही. हे दुःख उरी धरून ती मुलगी वैद्यक शिकण्यास समुद्र ओलांडून फिलाडेल्फियास गेली. १८८६ मध्ये तिला पदवी मिळाली, आणि तिने प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदू आर्यांच्या प्रसूतिशास्त्राचा. ज्या शास्त्राच्या उणिवेने तिचे मूल गेले, त्याच शास्त्राचा आपल्या परंपरेतील मागोवा तिने घेतला! २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास तिचा अंत झाला; तेव्हा तिला बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

भय खरे होते, हे आकडेही सांगतात. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात हिंदुस्थानात वर्षाला सुमारे २ लाख स्त्रिया गर्भारपण व प्रसूती यांपायी मरतात, आणि हजार जिवंत जन्मांमागे सुमारे २० माता दगावतात, असा अंदाज दिलेला आहे. प्रत्येक खेपेला हाच धोका धरला, तर सहा बाळंतपणे होणाऱ्या नऊ स्त्रियांपैकी साधारण एक बाळंतपणातच जाणार. म्हणजे प्रत्येक आळीत, प्रत्येक वाड्यात अशी एक तरी बाई होऊन गेलेली असे, आणि नव्या गर्भवतीला तिचे नाव ठाऊक असे. हात धुण्याचा साधा उपाय सेमेलवाइसने व्हिएन्नात १८४७ मध्ये दाखविला होता. १९३५ नंतर सल्फा औषधे आली, मग पेनिसिलिन, रक्तपेढ्या, दवाखान्यातील बाळंतपण. २०१८ ते २०२० या काळात भारतात लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण ९७ होते आणि महाराष्ट्रात ३३. भोर समितीचा आकडा त्याच मापाने मांडला तर २,००० होतो. मृत्यू इतका मागे हटला. भीती मात्र तितकी हटली नाही. असे का?

याचे उत्तर शोधण्यासाठी आणखी एका मराठी माणसाकडे जावे लागते. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि त्या मतांपायी प्राध्यापकी गमावली. जुलै १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविले, खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडण्यास डॉ. आंबेडकर उभे राहिले. मूल व्हावे की नाही आणि कधी व्हावे हे स्त्रीने ठरवावे, हा कर्व्यांचा आग्रह. १९५२ मध्ये सरकारनेही कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम हाती घेतला, आणि आज ती कल्पना इतकी रुळली आहे की तिच्यासाठी कोणी नोकरी गमावली होती हे तरुणांना खरेही वाटणार नाही. हा लाभ थोर आहे. तो उणा करून कोणी सांगू नये.

परंतु प्रत्येक स्वातंत्र्याबरोबर एक नवे ओझे येते. पूर्वी दिवस राहिले तर ते देवाने दिले, नशिबाने दिले. भीती वाटली तर ती देवापुढे बोलता येई. आता मूल आपण ठरविलेले. मग भिणे म्हणजे आपलाच निर्णय चुकला अशी कबुली देणे, असे त्या मुलीला वाटू लागते. घरचेही कळत-नकळत म्हणतात, 'तुम्हीच ठरवलंत ना?' नियोजनाने स्त्रीला निवड दिली, पण आम्ही तिच्या हातून कुरकुरण्याची मुभा काढून घेतली. ही चूक नियोजनाची नव्हे, आमची आहे. माणूस तारीख ठरवू शकतो. त्या तारखेला आपले मन काय म्हणेल, हे ठरवू शकत नाही.

यात आणखी भर पडली ती 'कळण्या'च्या रीतीची. पूर्वी ही बातमी सावकाश कळे. पाळी चुके, ओकाऱ्या सुरू होत, आणि पुष्कळदा सुनेच्या आधी सासूच्या किंवा जावेच्या ध्यानात येई. १९२७-२८ च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम आणि त्सोंडेक यांनी पहिली भरवशाची परीक्षा काढली. गर्भवतीची लघवी उंदराच्या माद्यांना टोचून काही दिवसांनी त्यांची बीजकोशे तपासावी लागत. पुढे उंदरांच्या जागी बेडूक आले, १९६० च्या सुमारास प्राण्यांवाचून होणारी परीक्षा आली, आणि सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत घरच्या घरी करण्याची चाचणी बाजारात आली. आज ती आपल्याकडे कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात मिळते आणि पाच मिनिटांत उत्तर देते. लाभ उघड आहे. पण त्या पाच मिनिटांत ती बाई एकटी असते. महिनाभर हळूहळू उमगणारी गोष्ट दोन रेघांनी एकदम सांगितली जाते, आणि पहिला हुंदका ऐकायला जवळ कोणी नसते. चोरचोळी देणारे हात बहुधा दुसऱ्या गावी असतात.

तिच्या चिंतांपैकी काही तर मनाच्या नव्हेतच, व्यवहाराच्या आहेत. नोकरी राहील काय, मूल कोण सांभाळील, हे प्रश्न समजुतीच्या चार शब्दांनी सुटत नाहीत. मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये प्रसूतिलाभाचा कायदा केला. त्याच्या विधेयकाचा पुरस्कार १९२८ मध्ये कौन्सिलात आंबेडकरांनी केला होता. देशव्यापी कायदा १९६१ चा. २०१७ मध्ये पहिल्या दोन मुलांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. पण घरकाम करणारी, शेतमजुरी करणारी, रोजंदारीवरची बाई या रजेच्या बाहेरच राहिली. तिच्या भीतीवर उपाय आहे तो कायद्याचा आणि पाळणाघराचा. तिला 'आनंदी राहा' असे सांगणे ही थट्टा होय.

आणि हे 'आनंदी राहा' तरी किती निष्ठुर असू शकते! अभिमन्यूने सुभद्रेच्या उदरात चक्रव्यूहाची विद्या ऐकली, या कथेचा आधार घेऊन गर्भवतीने सदा प्रसन्नच राहावे, नाहीतर बाळावर परिणाम होईल, असा धाक आज तिला घातला जातो. मग ती भिते, आणि आपण भितो म्हणून आणखी भिते. चार दिवसांच्या रडण्याने मुलाचे काही बिघडत नाही. मात्र उदासी आठवडेच्या आठवडे हटत नसेल, झोप आणि अन्न तुटले असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर तो आजार आहे. त्यावर उपचार आहेत, आणि डॉक्टरांपाशी ते बोलण्यात कमीपणा नाही.

तेव्हा श्रोतेहो, या इतिहासातून आम्ही जे काढले ते इतकेच. हव्याशा गर्भारपणातही भीती असते, ही गोष्ट नव्या काळातील मुलींची नाजुकाई नव्हे. जुन्या वैद्यांना ती ठाऊक होती, कवींना ठाऊक होती, चोरचोळी शिवणाऱ्या बायकांना ठाऊक होती. ती विसरलो ते आपण. जुन्यांचा एक प्रश्न, 'तुला काय हवे?', आणि कर्व्यांनी मिळवून दिलेले स्वातंत्र्य, ही दोन्ही एकाच घरात नांदू शकतात. त्यासाठी विधी नको, खर्च नको. बातमी सांगताना मुलीचे डोळे भरून आले तर पेढ्यांचा पुडा जरा बाजूला ठेवून तिच्यापाशी बसावे, आणि ती काय बोलते ते ऐकून घ्यावे.

आमच्या नात्यातील त्या मुलीला पुढे मुलगी झाली. बारशाच्या दिवशी आत्याबाईंनी तिला विचारले, "काय गं, भीती गेली का?" ती म्हणाली, "नाही आत्या, आता तर जास्तच वाटते." आत्याबाई हसल्या आणि म्हणाल्या, "मग तू आई झालीस खरी."